सैनिकी शाळेतला साधा शर्ट

फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. पलीकडचे गृहस्थ हिंदीत बोलत होते, मध्येच गुजराती. "बेन, कामरेजच्या पुढे ती सैनिकी शाळा होती, तिथल्या टेलर मास्तरांच्या तुम्ही मुलगी का?"

कित्येक वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सुरतच्या लिंबायतमध्ये मी मराठी शाळेच्या बाई. महापालिकेच्या शाळेत जन्मभर शिकवलं, निवृत्त झाले, आता भाजीवालाही 'बाई' म्हणतो. शिंप्याची मुलगी म्हणून ओळखणारी माणसं एकेक करून गेली. मी ओला टॉवेल खांद्यावर टाकला आणि हो म्हणाले.

ते गृहस्थ त्या शाळेचे जुने विद्यार्थी. पुढे फौजेत गेले, अधिकारी होऊन निवृत्त झाले आणि सुरतला परत आले. शाळा कधीच बंद पडलेली. जमीन बरीचशी विकली गेली, पण मुख्य इमारतीच्या तीन खोल्या आणि बंदुका ठेवायची कोठी अजून उभी होती. तिथे त्यांना शाळेचं संग्रहालय करायचं होतं. अडचण एकच, कागद नव्हते. तापीचं पाणी चढलं तेव्हा ऑफिसातली सगळी रजिस्टरं भिजून लगदा झाली. कोण शिकलं, कोणत्या साली आलं, कशाचाच पत्ता नाही.

"मास्तरांचं काही असेल तर बघा," ते म्हणाले. "कात्री, टेप, काहीही."

मी म्हणाले, "त्यांची मापांची वही आहे."

ते म्हणाले, "बेन, मी गाडी पाठवतो."

गाडी नको म्हणाले. रविवारी मीच बसने गेले. माळ्यावरून काढलेल्या चार वह्या पिशवीत होत्या. माझे वडील धुळ्याकडच्या खेड्यातून सुरतेत आले ते लूमवर, कापडाच्या मागावर, काम करायला. पण हात शिवणाचा होता. कुणीतरी शाळेत नेऊन उभं केलं आणि ते तिथलेच झाले. मेसच्या मागे आम्हाला एक खोली होती, पुढे पडवी, पडवीत पायाची मशीन. मी तिथेच वाढले. तीनेकशे मुलांच्या शाळेत मी एकटी मुलगी. दिवसा गावातल्या शाळेत जायचे, दुपारी परत येऊन मशीनखाली पडलेल्या चिंध्या वेचायचे.

इमारत ओळखू आली नाही. मैदानावर बंगले उभे राहिले होते. फाटक मात्र तेच होतं, नवा रंग दिलेलं. आत गेल्यावर पहिल्याच खोलीत काचेच्या पेटीत एक पुतळा उभा होता, शाळेचा गणवेश घातलेला. निवृत्त साहेब मोठ्या हौसेने बाजूला झाले, मला नीट दिसावं म्हणून. मी बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "दोरी उलट्या खांद्याला आहे."

"कुठली?"

"शिटीची. ती डाव्या खांद्याला असायची. आणि खिशाची झाकणं अशी टोकदार नव्हती, सरळ होती. टोकदार झाकण इस्त्रीत दुमडतं म्हणून वडिलांनी बदललं होतं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेटी उघडली, स्वतःच्या हाताने दोरी काढली आणि डाव्या खांद्याला लावली. तेवढ्यानेच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

मग आम्ही टेबलाशी बसून वह्या उघडल्या. वडिलांना लिहिता येत होतं ते आकडे आणि मोडकंतोडकं मराठी. दर जुलैत मुलांची मापं घ्यायचे. एका ओळीत मुलाचं नाव, त्याचा शाळेतला नंबर, छाती, कंबर, बाही, उंची. पुढच्या वर्षी त्याच नावापुढे नवी मापं. साहेब बोट फिरवत गेले आणि स्वतःच्या नावाशी थांबले. सहावीत छाती चोवीस, अकरावीत पस्तीस. "माझ्या आईकडेसुद्धा हे नसेल," म्हणाले.

दोन तास आम्ही नावं उतरवून घेतली. मी वाचायचे, ते लिहायचे. एका वर्षाच्या नववीच्या पानावर ते अडले. एका नावापुढे नेहमीची मापं होती आणि खाली बारीक अक्षरात वेगळी ओळ : 'साधा शर्ट. पँट राखाडी. खाकी नाही.'

"हे काय? शाळेत आम्हाला साधे कपडे कधी शिवलेच नाहीत." मग नाव बघितलं आणि त्यांचा आवाज खाली गेला. "हा... हा तर तो."

"हो," मी म्हणाले. "तोच."

"आमच्याच वर्गातला. त्याला काढलं त्या दिवशी मी पुढच्या रांगेत उभा होतो."

मी वही मिटली. पन्नास वर्षं मी ही गोष्ट माझ्या नवऱ्याला सांगितली नव्हती, मुलांना सांगितली नव्हती. त्या खोलीत, त्या पुतळ्यासमोर, ज्यांची माझी ओळख दोन तासांची होती अशा माणसाला सांगितली.

तो मुलगा विदर्भातला. त्याचे वडील इकडे बांधकामावर मुकादम होते. मुलाला मोठा फौजी करायचा म्हणून त्यांनी या शाळेत घातला. शाळेत मुलं बहुतेक गुजराती-हिंदी बोलणारी. याला मराठी ऐकायची भूक. गुंडी तुटली, शिवण उसवली असं काहीतरी निमित्त काढून तो आमच्या पडवीत यायचा. आमच्या घरात अहिराणी चालायची, ती त्याला अर्धीच कळायची, पण बसून राहायचा. आई त्याला भाकरी आणि ठेचा द्यायची. मेसच्या जेवणापुढे तो ते असं खायचा की आई तोंड फिरवून हसायची. मी दहा वर्षांची. तो मला 'छोटी बाई' म्हणायचा, कारण मी चिंध्यांच्या बाहुल्यांना ओळीत बसवून शिकवायचे.

शाळेत नेमबाजी होती. थ्री नॉट थ्रीच्या बंदुका. गोळी झाडली की पितळेची रिकामी पुंगळी उडून पडते. त्या सगळ्या वेचून, मोजून परत द्यायच्या, असा कडक नियम. एक दिवस तो आला आणि मूठ उघडून त्याने माझ्यासमोर एक पुंगळी धरली. माझ्या बोटापेक्षा लांब. तिच्या तोंडावर ओठ टेकून त्याने फुंकर घातली तर शिटी वाजली, लांब आणि बारीक.

"घे. पण कुणासमोर वाजवू नकोस."

मी ती ज्वारीच्या डब्यात, तळाशी लपवली.

दुसऱ्या दिवशी मोजणीत एक पुंगळी कमी भरली. मोठे साहेब म्हणजे शाळेचे प्राचार्य, स्वतः फौजेतून आलेले. दारूगोळ्याच्या बाबतीत त्यांच्याकडे क्षमा नव्हती. सगळ्या नववीला मैदानात उभं केलं. एका मुलाने याला खाली वाकताना बघितलं होतं, त्याने सांगितलं. मग याला एकट्याला ऑफिसात नेलं. घेतली, हे त्याने कबूल केलं. कुठे आहे, एवढं सांगेना. हरवली म्हणाला. साहेबांचा विश्वास बसला नाही. तीन दिवस रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी हुकूम निघाला : खोटं बोलणे आणि आज्ञाभंग, शाळेतून काढलं.

ही सगळी बातमी मला कळत होती. मेसमधली माणसं पडवीत येऊन वडिलांशी बोलायची. "बाहेर कुणाला विकली असेल," एकजण म्हणाला. वडील म्हणाले, "ते पोरगं तसं नाही." मी तिथेच बसलेली. डबा माझ्यापासून पाच हातांवर. मी उठून गेले असते आणि हात घातला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पण मला एवढंच दिसत होतं की पुंगळी आमच्या घरात सापडली तर वडिलांना काढतील आणि आम्ही परत लूमजवळच्या, शाळेआधीच्या त्या अंधाऱ्या खोलीत जाऊ. दहा वर्षांच्या पोरीला एवढा हिशेब सुचतो का, असं मला पुढे कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, सुचतो.

सकाळी सगळी शाळा मैदानात उभी राहिली. काढलेल्या मुलाच्या अंगावरची शाळेची चिन्हं सगळ्यांसमोर उतरवायची, असा हुकूम होता. आणि ते काम शिंप्याचं. वडिलांना बोलावणं आलं. मी फाटकाच्या आडून बघत होते. मोठ्या साहेबांनी कात्री पुढे केली. वडिलांनी ती घेतली नाही. खिशातून उसवायचं पातं काढलं आणि बिल्ल्याचा एकेक टाका सोडवत बसले. कात्रीने दोन मिनिटांत झालं असतं, त्याला कितीतरी वेळ लागला. उन्हात एक मुलगा चक्कर येऊन पडला. तरी वडील हळूहळू टाके काढत होते. मला तेव्हा वाटलं, बाबा एवढा वेळ का लावतायत, संपवत का नाहीत.

गणवेश शाळेचा, तो परत द्यायचा. आणि तो सहावीत घालून आला होता ते कपडे आता त्याला होण्यासारखे नव्हते. दुपारी त्याचे वडील न्यायला येणार होते. आमच्याकडे दिवाळीसाठी आणून ठेवलेलं कापड होतं. वडिलांनी ते काढलं, त्याला उभं करून माप घेतलं, वहीत लिहिलं आणि मशीनवर बसले. दुपारच्या आत शर्ट-पँट तयार झाली. तोवर तो आमच्या खाटेवर बसून होता, अंगात बनियन आणि वडिलांचं धोतर गुंडाळून. आईने भाकरी पुढे ठेवली, त्याने खाल्ली नाही. मी समोर भिंतीला टेकून बसले होते. एकदाच त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तो डब्याकडे बोट करेल. त्याने मान खाली घातली.

त्याचे वडील आले. बापलेक फाटकातून बाहेर पडले. मुलगा दहा पावलं मागे.

त्या संध्याकाळी मला ओकाऱ्या सुरू झाल्या. वडील जवळ बसले, कपाळावर हात ठेवला. "काय व्हयनं व बेटा?" त्यांनी विचारलं. मी उठले, डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पुंगळी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे बरेचदा वाटलं.

सकाळी मला हाताला धरून ते मोठ्या साहेबांकडे गेले. टेबलावर पुंगळी ठेवली. "साहेब, ही माझ्या घरात होती. पोरानं माझ्या पोरीला खेळायला दिली. आमच्यासाठी तो गप्प राहिला. चूक माझ्या घरची. मला काढा आणि त्याला परत बोलवा."

साहेबांनी पुंगळी उचलून बघितली, खण उघडला, आत टाकली, खण बंद केला. मग म्हणाले, "मास्तर, मुलगा गेला. हुकूम सगळ्या शाळेसमोर वाचला. आज मी तो मागे घेतला तर उद्या माझ्या शब्दावर कोण उभं राहील?"

"साहेब, पोराचा जन्म आहे."

"जा. मशीनवर बसा."

वडिलांनी बाहेर येऊन कारकुनाकडे मुलाचा पत्ता मागितला. मिळाला नाही. नोकरी राहिली. शाळा बंद पडेपर्यंत त्यांनी तिथेच शिवण केलं, पण मैदानावरच्या कुठल्याही कार्यक्रमाला परत गेले नाहीत. सव्वीस जानेवारीला बँड वाजत असायचा आणि ते पाठमोरे बसून मशीन चालवायचे.

मी सांगायची थांबले. निवृत्त साहेब उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. "त्याला वाकताना बघितलं म्हणून सांगणारा मुलगा," ते म्हणाले, "तो मी होतो, बेन."

चहावाला आला, चहा ठेवून गेला.

त्याला शोधायचं साहेबांनीच ठरवलं. विदर्भात त्यांचे फौजेतले सोबती होते. गावाचं नाव वर्गातल्या एकाला आठवलं. दोन-अडीच महिन्यांनी फोन नंबर मिळाला. साहेबांचा हिंदीतला फोन त्याने ऐकून घेतला आणि ठेवून दिला. मग मी केला. मराठीत म्हणाले, "मी टेलर मास्तरांची मुलगी." पलीकडून आवाज आला, "छोटी बाई?"

तो एका शनिवारी आला. उधना स्टेशनवर गाडीतून उतरला तेव्हा मी ओळखलं नाही. सडपातळ, पांढऱ्या मिशा, खांद्याला पिशवी. वीज खात्यात वायरमन होता, आता निवृत्त, थोडी शेती. घरी जेवायला चला म्हणाले तर म्हणाला, आधी शाळा बघू.

संग्रहालयात तो हळूहळू फिरला. पुतळ्यासमोर थांबला नाही. निवृत्त साहेब दारात उभे होते. त्यांनी पुढे येऊन जे सांगायचं होतं ते सांगितलं, सरळ उभं राहून. तो ऐकत होता. म्हणाला, "तू बघितलं ते सांगितलं. खोटं काय सांगितलंस?" साहेबांचा चेहरा बघवेना. ते बाहेर पडवीत गेले.

आम्ही दोघं बाकावर बसलो. मी म्हणाले, "माझा राग आला असेल."

"आला ना. बरीच वर्षं आला." त्याने चष्मा काढून पुसला. "पहिल्या दिवशी मी गप्प राहिलो ते तुमच्यासाठी. मास्तरांची नोकरी जाईल म्हणून. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांवर चिडून गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी मला बोलायचं होतं. पण वाटलं, आता बोललो तर सगळे म्हणतील घाबरला. चौदा वर्षांचं डोकं."

"पुढे फौजेत..."

"गेलो नाही. भरतीला शाळेचा दाखला मागतील आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचतील, म्हणून मैदानापर्यंतसुद्धा गेलो नाही. बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत." मग म्हणाला, "बिल्ला उसवताना मास्तर काय म्हणत होते, कुणाला ऐकू आलं नसेल. 'समोर देख भाऊ, मनाकडे देखू नको.' माझ्याकडे बघू नकोस, एवढंच परत परत. शर्टाला एक भोक पडू दिलं नाही त्यांनी. मला वाटायचं, एवढा जीव होता तर हा माणूस माझ्यासाठी एक शब्द का बोलला नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला माहीतच नाही.

"ते गेले होते," मी म्हणाले.

"कुठे?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. मोठ्या साहेबांकडे. मला घेऊन. सगळं सांगितलं. मला काढा आणि त्याला परत बोलवा, म्हणाले. साहेबांनी ऐकलं नाही."

"मास्तर गेले होते?"

"गेले होते. तुमचा पत्ताही मागितला, कारकुनानं दिला नाही."

"गेले होते," तो पुन्हा म्हणाला, या वेळी मला न विचारता. त्याने गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घालून बसला. त्याचे खांदे हलत होते. मी हात पुढे केला आणि परत घेतला. सांत्वन करायचा अधिकार माझा नव्हता. पलीकडच्या बंगल्यात कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

माफी मी मागितली. तो म्हणाला, "दहा वर्षांचं लेकरू काय बोलणार, बाई." पण माझ्याकडे बघून म्हणाला नाही. ते मी तसंच स्वीकारलं. सगळं माफ झालं असं मी कुणाला सांगत नाही.

साहेबांना त्याच्यावर एक मोठा फलक लावायचा होता, अन्यायाची सगळी हकिकत लिहून. तो नको म्हणाला. "माझं नाव वर्गाच्या यादीत टाका. बाकीच्यांचं असेल तसं. वर नाही, खाली नाही." त्याप्रमाणे नववीच्या यादीत त्याचं नाव आहे, नंबराप्रमाणे, दोन नावांच्या मध्ये. जेवायला तो माझ्या घरी आला. माझ्या नवऱ्याशी कापसावर, विजेच्या भारनियमनावर पुष्कळ बोलला. रात्रीच्या गाडीचं तिकीट होतं, ते बदलून संध्याकाळच्याच गाडीने गेला.

संग्रहालय उघडलं तेव्हा त्याला बोलावलं होतं. आला नाही. फोन केला तर म्हणाला, वेचणीचे दिवस आहेत, माणसं मिळत नाहीत. खरंच तसं असेल.

मी आता रविवारी तिथे जाते. कोसाडच्या वसाहतीतल्या शाळांची मुलं येतात, बंदुकांची कोठी बघायला गर्दी करतात. वही काचेखाली त्या पानावर उघडी ठेवली आहे. कुणी विचारलं की साधा शर्ट कशासाठी, तर मी सांगते, माझ्या वाट्याचंसुद्धा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा निवृत्त साहेब खोलीतून निघून गेले होते. हल्ली ते दाराशी थांबतात, आणि वाकताना कुणी बघितलं, हे आलं की म्हणतात, "मी."